अधिकाऱ्याची अब्रू आणि वृत्तपत्राची चूक

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



एखादा मंत्री, जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक वर्तमानपत्राला अब्रुनुकसानीची नोटीस पाठवतो, तेव्हा आपण सगळे एकच प्रश्न विचारतो : बातमी खरी होती की खोटी? खरी असेल तर संपादक शूर, खोटी असेल तर संपादक गुन्हेगार, आणि विषय संपला. हा प्रश्न अपुरा आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे. या विषयातले जे खटले लोकांच्या लक्षात राहिले, त्यांतल्या कितीतरी खटल्यांत वर्तमानपत्राचे काही ना काही चुकलेलेच होते. अक्षर न् अक्षर खरे छापणाऱ्याला संरक्षण द्यायला कायद्याला फार मोठे मन लागत नाही. चुकलेल्या संपादकाला तो कसे वागवतो, यात त्याची परीक्षा असते.

याचे पहिले उदाहरण आपल्या घरातलेच आहे.

'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. त्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक आलेले, विशीच्या आतले. त्यांचे मन ठिकाणावर नाही असे कारण सांगून त्यांना नजरेखाली ठेवले होते. राज्याचा कारभार रावबहादूर माधवराव बर्वे पाहत आणि बर्व्यांच्या पाठीशी इंग्रज सरकार होते. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना मुद्दाम वेडे ठरवले जाते आहे, अशी बोलवा पुण्यापर्यंत आली. पाठोपाठ बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रेही आली आणि त्यांत कारस्थानाचा पुरावाच दिसत होता. टिळक आणि आगरकर या दोन तरुण संपादकांनी त्यांवर विश्वास ठेवून मजकूर छापला. बर्व्यांनी मुंबईत फौजदारी फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी खटला सोडला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना ४ महिन्यांची साधी कैद झाली आणि २६ ऑक्टोबरला ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे आगरकरांचे पुस्तक त्यातूनच निघाले.

ही गोष्ट आपल्याला देशभक्तीचा पहिला धडा म्हणून सांगितली जाते. ती तशी सांगताना तिच्यातला अवघड भाग मात्र गळून पडतो. पत्रे खरोखरच खोटी होती. त्या पत्रांपुरते बर्वे निर्दोष होते आणि त्यांची तक्रार रास्त होती. हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण पुढे काय झाले तेही पाहा. २५ डिसेंबर १८८३ रोजी चौथे शिवाजी अहमदनगरला, नजरकैदेत असताना, पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. म्हणजे संपादकांच्या हातातला कागद खोटा होता, त्यांच्या मनातली काळजी खोटी नव्हती. कोर्टाने कागद तपासला. काळजी तपासण्याचे काम कोर्टाचे नव्हते आणि ते दुसऱ्या कोणीही केले नाही.

आणखी एक गोष्ट. पुण्यात बसलेल्या संपादकाला खरे कळणार कसे? महाराजांना भेटण्याची मुभा नाही. दरबारचे दप्तर बर्व्यांच्या ताब्यात, डॉक्टरांचे अहवाल इंग्रज अधिकाऱ्यांच्या ताब्यात. जो माणूस एका दिवसात सगळा संशय दूर करू शकत होता, तोच फिर्यादी झाला. आणि ज्याला काहीच पाहू दिले नव्हते, तो आरोपी. सत्तेवरच्या माणसाने भरलेल्या जवळजवळ प्रत्येक खटल्याची ठेवण अशीच असते. शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात ती नसते, कारण तिथे दोघांची माहिती सारखीच असते. इथे कागद ज्याच्या कपाटात आहेत तोच म्हणतो, की तुम्ही कागद न पाहता लिहिलेत.

या खटल्यातला जामिनाचा भाग मला फार मोलाचा वाटतो. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट बापूशेट उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला. फुले आणि ही संपादकमंडळी यांचे सामाजिक प्रश्नांवर पटत नव्हते. तरीही जामीन दिला गेला. ज्याच्याशी आपले जमत नाही त्याच्या लेखणीसाठी पैसे उभे करणे, ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची आपल्याकडची पहिली व्याख्या मानावी.

आता कोल्हापूर सोडून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जाऊ. २९ मार्च १९६० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक पानभर जाहिरात आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी निधी जमवण्याची ती जाहिरात होती. दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्यांवर काय गुजरते आहे, याचे वर्णन तिच्यात होते. त्यात चुका होत्या. किंग यांना सात वेळा अटक झाली असे छापले होते, ती झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी म्हटलेल्या गाण्याचे नाव चुकले होते. त्यांना उपाशी ठेवण्यासाठी भोजनगृहाला कुलूप ठोकले असे लिहिले होते, तसे झाले नव्हते. पोलीस आवाराजवळ मोठ्या संख्येने आले होते, पण त्यांनी वेढा घातला नव्हता.

मॉन्टगोमेरी शहराचे एक आयुक्त एल. बी. सलिव्हन यांच्याकडे पोलीस खाते होते. जाहिरातीत त्यांचे नाव कुठेही नाही. पण पोलीस म्हणजे मी, असे म्हणून त्यांनी दावा लावला. त्या दिवशी 'टाइम्स'च्या सुमारे साडेसहा लाख प्रती खपल्या, त्यांपैकी अलाबामात गेल्या ३९४. त्या एवढ्या प्रतींनी झालेल्या हानीबद्दल गोऱ्या ज्यूरीने ५ लाख डॉलरची भरपाई दिली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जाहिरातीखाली चार काळ्या धर्मगुरूंची नावे होती. ती त्यांना न विचारताच घातलेली होती. तरी तेही प्रतिवादी झाले आणि वसुलीसाठी त्यांच्या मोटारी जप्त झाल्या.

सलिव्हन एकटे नव्हते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा अलाबामातल्या अधिकाऱ्यांनी 'टाइम्स'वर आणखी ११ दावे लावलेले होते, एकूण मागणी ५६ लाख डॉलर. 'सीबीएस' या प्रसारण कंपनीवर ५ दावे होते, १७ लाखांचे. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी हे आकडे आपल्या निकालपत्रात नोंदवले आणि त्यांतून हेतू उघड झाला. उत्तरेकडच्या बातमीदारांनी दक्षिणेत येऊच नये, यासाठी गाण्याच्या नावातली चूक कामाला लावली होती. काही काळ ते साधलेही. वकिलांच्या सल्ल्यावरून 'टाइम्स'ने आपले बातमीदार अलाबामात पाठवणे थांबवले होते.

९ मार्च १९६४ रोजी नऊही न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी घालून दिलेला नियम असा : अधिकाऱ्याच्या अधिकृत वर्तनाबद्दल चुकीचे छापले गेले, एवढ्यावर त्याला भरपाई मिळणार नाही. खोटे आहे हे माहीत असून छापले, किंवा खरे-खोटे काहीही असो अशा बेफिकिरीने छापले, हे अधिकाऱ्याने ठामपणे सिद्ध केले पाहिजे. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. चर्चा मोकळी राहायची तर तिच्यात चुका होणारच. प्रत्येक चुकीला दंड लावला तर लोक चुका थांबवत नाहीत, बोलणे थांबवतात.

आपल्याकडे काय आहे? ऐकून आश्चर्य वाटेल, पण जवळजवळ हाच नियम भारतात ३० वर्षांपूर्वी आला. तामिळनाडूत 'ऑटो शंकर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाशीच्या कैद्याचे आत्मचरित्र 'नक्कीरन' हे नियतकालिक छापणार होते. त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा उल्लेख होता. तुरुंग खात्याने नियतकालिकाला धमकीवजा पत्र पाठवले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या निकालात, तीन गोष्टी सांगितल्या. छापण्याआधी अधिकारी बंदी मागू शकत नाहीत. सरकार किंवा नगरपालिकेसारख्या संस्था स्वतःच्या अब्रूसाठी भरपाईचा दावा लावू शकत नाहीत. आणि कर्तव्यासंबंधीच्या वर्तनाबद्दल अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता आणि सत्याची बेफिकिरी करून छापला होता, हे त्यानेच दाखवावे. वार्ताहराने पुरेशी पडताळणी केली होती, एवढा बचाव पुरतो. प्रत्येक ओळ खरी होती हे त्याने सिद्ध करायला नको.

मग प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, कारण हा नियम दिवाणी भरपाईपुरता आहे आणि आपल्याकडे दुसरा दरवाजा उघडा आहे, फौजदारीचा. १८६० च्या दंड संहितेतली ४९९ आणि ५०० ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली. शिक्षा तीच, २ वर्षांपर्यंत साधी कैद. भर पडली ती समाजसेवेच्या पर्यायाची. टिळक-आगरकरांच्या वेळच्या दंड संहितेचा तो मजकूर थोड्याफार फरकाने आजही लागू आहे. त्या कलमात बचावासाठी दहा अपवाद आहेत. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने मत देणे हा त्यांतलाच एक. पण अपवाद सिद्ध करायचा तो आरोपीने. नुसते खरे असून भागत नाही, लोकहितासाठी छापले हेही दाखवावे लागते.

आता दोन्ही एकत्र ठेवून पाहा. अधिकाऱ्याला तुमच्याकडून पैसे हवे असतील तर तुमची बेफिकिरी त्याने सिद्ध करायची. त्याला तुम्हाला तुरुंगात पाठवायचे असेल तर तुमची सद्भावना तुम्ही सिद्ध करायची. सौम्य मागणीला कडक कसोटी आणि कडक मागणीला सैल कसोटी, असा हा उलटा कारभार आहे. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे फौजदारी अब्रुनुकसानीची वैधता आली. न्यायालयाने कलमे कायम ठेवली. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे कारण दिले. ते कारण खासगी माणसाच्या बाबतीत मला पटते. खुर्चीत बसून केलेल्या कामाची प्रतिष्ठा त्याच तराजूत कशी घालायची, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्याच्याही पुढची एक सोय कायद्याने मंत्री आणि लोकसेवकांना दिलेली आहे. तुमची-माझी बदनामी झाली तर आपण स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन फिर्याद करायची. त्यांची बदनामी कर्तव्याच्या संदर्भात झाली तर सरकारच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात फिर्याद दाखल करतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९९ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेत २२२ आहे. म्हणजे टीका मंत्र्यावर, फिर्याद सरकारची, वकील सरकारचा आणि खर्च करदात्याचा. त्या करदात्यांत तो संपादकही आला.

ही सोय कशी वापरली जाते याचे उदाहरण तामिळनाडूने दिले. जयललिता मुख्यमंत्री असताना पाच वर्षांत असे २१३ खटले दाखल झाले, त्यांपैकी ५५ माध्यमांविरुद्ध. हे खुद्द राज्य सरकारनेच २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये 'द हिंदू' आणि इतर पत्रांच्या संपादकांवरचे असे अनेक खटले रद्द केले आणि सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने विचार करून मगच फिर्याद दाखल करावी, असे बजावले. निकाल उत्तम होता. पण त्यांतले काही खटले २०११-१३ पासूनचे होते. तोवर वर्षे गेली, वकिलांची फी गेली आणि जयललिताही गेल्या.

ही वर्षे हीच खरी शिक्षा असते. मोठ्या दैनिकाला कायदा विभाग असतो. तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादक, मालक, मुद्रक आणि कधी कधी वितरकही एकच माणूस असतो. शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेल्या ओळीतले नाव आणि पत्ता समन्स बजावायला पुरेसे असतात. मग जामीन, वकीलपत्र, तारखा. एका तारखेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या तारखेला वकील आजारी. निर्दोष सुटेपर्यंत साप्ताहिकाचे अंक अनियमित झालेले असतात आणि जाहिरातदारांनी अंग काढून घेतलेले असते. दिवाणी दाव्याचेही तसेच. महाराष्ट्रात कोर्ट फीला कमाल मर्यादा आहे. एका मर्यादेपुढे दाव्याची रक्कम कितीही फुगवली तरी फी वाढत नाही. त्यामुळे ५० कोटी मागायचे की ५०० कोटी, हा हिशेब झालेल्या हानीवरून ठरत नाही. समोरच्याला किती घाबरवायचे, यावरून ठरतो.

आणि नुसत्या चांगल्या कायद्यानेही भागत नाही, हे अमेरिकेनेच अलीकडे दाखवले. सलिव्हन निकाल अजून उभा आहे. तरी डिसेंबर २०२४ मध्ये 'एबीसी' वाहिनीने डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी १ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. ट्रम्प तेव्हा निवडून आलेले होते, शपथ व्हायची होती. खटला लढला असता तर वाहिनी जिंकली असती की नाही, यावर वकिलांनी वाद घालावा. मालकाने लढायचेच नाही असे ठरवले की संपादकाच्या हातातल्या ढालीला काही अर्थ राहत नाही.

इथवर मी अधिकाऱ्यांच्या विरुद्ध बोललो. आता दुसऱ्या बाजूचे एक प्रकरण, आणि तेही पुण्याचे.

१० सप्टेंबर २००८ रोजी 'टाइम्स नाऊ' वाहिनीने भविष्य निर्वाह निधीच्या घोटाळ्याची बातमी दाखवली. एका न्यायमूर्तींच्या नावाबरोबर छायाचित्र मात्र दाखवले ते न्या. पी. बी. सावंत यांचे. कारण काय, तर नावातले साम्य. छायाचित्र पडद्यावर साधारण १५ सेकंद होते. सावंत सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, शिवाय प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. म्हणजे वृत्तपत्रांच्या चुका आयुष्यभर जवळून पाहिलेला माणूस. वाहिनीने छायाचित्र काढले, पण दिलगिरी दाखवायला बरेच दिवस घेतले आणि तीही सावंतांचे पत्र गेल्यावर. सावंतांनी पुण्यात दावा लावला. २०११ मध्ये जिल्हा न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा दिला. स्थगिती हवी तर २० कोटी जमा करा आणि ८० कोटींची बँक हमी द्या, असे मुंबई उच्च न्यायालय म्हणाले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

या प्रकरणात माझी सहानुभूती सावंतांकडे आहे. त्यांच्या कोणत्याही अधिकृत कृतीवर ती टीका नव्हती. ज्या गोष्टीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, तिच्याशी त्यांचा चेहरा जोडला गेला. इथे झाकलेले दप्तर नव्हते, न मिळालेली माहिती नव्हती. एक फोन केला असता तर चूक टळली असती. आणि वेळेवर, त्याच ठळकपणे दिलगिरी दाखवली असती तर प्रकरण बहुधा कोर्टात गेलेच नसते. तरीही १०० कोटी हा आकडा मला घाबरवतो. तो मोठ्या वाहिनीला टोचतो, पण उद्या तोच दाखला छोट्या दैनिकावर फिरवला गेला तर त्याला कुलूप लागेल. तक्रार रास्त असली म्हणून मागितलेली प्रत्येक रक्कम रास्त होत नाही.

कोल्हापूर, अलाबामा आणि पुणे या तिन्ही ठिकाणी चूक होती, पण चुकीची जात वेगळी होती. म्हणून नियमही वेगळे हवेत. मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली, लोकसेवकाच्या अधिकृत कामावरच्या टीकेसाठी तुरुंग नको. इंग्लंडने आपला फौजदारी बदनामीचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला आणि श्रीलंकेने त्याच्याही आधी, २००२ मध्ये. इंग्रजांनी हे कलम आपल्याला दिले आणि स्वतःकडचा गुन्हा टाकला, आपण ते नव्या संहितेत नवा क्रमांक देऊन ठेवले. संपूर्ण कलम जात नसेल तर निदान सरकारी वकिलाची सोय तरी जावी. ज्याची अब्रू गेली त्याने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या सहीने फिर्याद करावी.

दुसरी, १९९४ चा नियम संसदेने कायद्यात लिहावा आणि दाव्याच्या उंबरठ्यावरच तो तपासला जावा. दडपण्यासाठी लावलेले दावे असतात, हे आता आपल्या न्यायालयांनाही मान्य आहे. मार्च २०२४ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने 'ब्लूमबर्ग' या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात, सुनावणीआधीच मजकूर काढायला लावणारे मनाई हुकूम सहजासहजी देऊ नयेत, असे सांगितले. त्यात दावा एका कंपनीचा होता. अधिकाऱ्याच्या बाबतीत हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवे.

तिसरी माझी स्वतःची सूचना आहे. बातमीदाराने छापण्याआधी लेखी प्रश्न पाठवला असेल आणि अधिकाऱ्याने मुदतीत उत्तर दिले नसेल, तर त्या मुद्द्यावर त्याला भरपाई मागता येऊ नये. माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळून नंतर माहिती चुकीची छापली म्हणून रडणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करू देऊ नयेत. बर्व्यांच्या हाती दप्तर होते तेव्हा माहितीचा कायदा नव्हता, आज २००५ पासून तो आहे. मग जबाबदारीही तिकडे सरकायला हवी.

चौथी आपल्या वृत्तपत्रांसाठी. पहिल्या पानावरच्या आठ कॉलमी बदनामीचा खुलासा सातव्या पानावर, निविदा सूचनेच्या शेजारी, बारीक टाइपात छापायची आपली रीत आहे. ही रीत चालू ठेवून स्वातंत्र्य मागायचे, हे चालणार नाही. चूक ज्या जागी, ज्या आकारात छापली, दुरुस्ती त्याच जागी, त्याच आकारात आणि लगेच. सलिव्हन निकालाचा आधार चुकणाऱ्याला आहे, निर्लज्जाला नाही.

एक प्रश्न इथे बसलेल्यांपैकी कोणीतरी नक्की विचारेल. प्रामाणिक अधिकाऱ्याचे काय? खोट्या बातमीने त्याची बदली होते, घरच्यांना तोंड लपवावे लागते, आणि आपण त्याला म्हणायचे की बेफिकिरी सिद्ध कर? प्रश्न योग्य आहे. त्याला झटपट दुरुस्तीचा हक्क मिळालाच पाहिजे आणि जाणूनबुजून खोटे छापणाऱ्याला जबर भरपाई पडलीच पाहिजे. पण प्रामाणिक अधिकाऱ्याकडे आणखी एक गोष्ट असते, जी तुमच्या-माझ्याकडे नसते. त्याच्या पदाबरोबर त्याला दप्तर मिळते, जनसंपर्क कार्यालय मिळते, पत्रकार परिषद बोलावण्याचा मान मिळतो. उत्तर देण्याची ही सगळी साधने लोकांच्या पैशातून आलेली आहेत. म्हणून अधिकारी फिर्याद घेऊन कोर्टात येईल तेव्हा बातमी खरी की खोटी हे विचारण्याआधी न्यायाधीशांनी त्याला विचारावे : साहेब, कागद दाखवून खुलासा केला होता का? केला नसेल तर फाइल परत द्यावी, आणि आधी खुलासा करून या, असे सांगावे.